राजापूर

राजापूर हे महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एक लहान शहर व त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुना नदीच्या काठी, समुद्रापासून खाडीमार्गे सुमारे २४ किलोमीटर आत ते वसले आहे. मध्ययुगात कोकणातील नावाजलेले बंदर, सतराव्या शतकात इंग्रजांच्या वखारीचे ठिकाण आणि आज शेजारच्या उन्हाळे गावातील गरम पाण्याचा झरा व 'राजापूरची गंगा' या तीर्थासाठी ओळखले जाणारे गाव, अशी त्याची ओळख काळानुसार बदलत गेली आहे. शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास असून गेल्या कित्येक दशकांत तीत फारशी वाढ झालेली नाही. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथील तरुण पिढी मुंबईस जाते व गणपती-शिमग्याला परतते.

भूगोल व हवामान

सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत राजापूर तालुका पसरला आहे. पूर्वेस अणुस्कुरा घाट, पश्चिमेस जैतापूर, मुसाकाजी व आंबोळगडचा किनारा आणि मध्ये जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, सपाट, जवळजवळ उघडे माळ अशी त्याची रचना आहे. या माळांना स्थानिक बोलीत 'सडा' म्हणतात. सड्यावर माती अगदी थोडी असते. पावसाळ्यात तेथे गवत व रानफुले उगवतात, फाल्गुनापासून तो तापून काळा पडतो. वस्ती, भातशेती व आंबा-काजूच्या बागा सड्याखालच्या उतारांवर आणि नदीनाल्यांच्या खोऱ्यांत आहेत.

राजापूर शहर अशाच एका खोऱ्यात उतारावर उभे आहे. अर्जुना व तिला मिळणारी कोदवली या दोन नद्यांच्या मधल्या सखल भागात बाजारपेठ आहे. तिच्या वरच्या अंगाला टेकडीच्या पोटाशी घरांच्या ओळी चढत गेल्या आहेत. हवामान उष्ण व दमट असून वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. याच काळात दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या आणि खाडीत भरतीची वेळ असली, की पाणी जवाहर चौकात शिरते. राजापूरकरांना हा पूर नवा नाही. नदीचे पाणी चौकात आले म्हणजे दुकानदार माल माळ्यावर चढवतात व ओसरले म्हणजे गाळ काढून पुन्हा दुकान लावतात. मात्र नद्यांच्या पात्रांत साचलेल्या गाळामुळे पुराचा उपद्रव वाढला, अशी नागरिकांची जुनी तक्रार आहे. ज्या गाळाने राजापूरचे बंदर बुडवले त्याच गाळाचा हा पुढचा अध्याय म्हणावा लागेल.

पावसाचे पाणी इतके मुबलक असूनही एप्रिल-मे महिन्यांत तालुक्यातील अनेक वाड्यांना टंचाई जाणवते, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून झपाट्याने निघून जाते. शहराला पाणी पुरवण्यासाठी कोदवली येथे ब्रिटिश अमदानीत बांधलेला बंधारा 'सायबाचे धरण' या नावाने ओळखला जातो.

इतिहास

राजापूरचे महत्त्व त्याच्या जागेत होते. खाडीतून गलबते भरतीबरोबर थेट गावाच्या धक्क्यापर्यंत येत आणि तेथून बैलांचे तांडे अणुस्कुरा घाटाने पन्हाळा, कोल्हापूर व पुढे विजापूरकडे जात. समुद्र व देश यांना जोडणारा हा मार्ग ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे जकातीचे उत्पन्न. म्हणून बहमनी, आदिलशाही, मराठे व आंग्रे या सर्वांनी राजापूर आपल्याकडे राखण्याचा प्रयत्न केला.

सतराव्या शतकाच्या मध्याला राजापूर आदिलशाहीत होते. १६५०च्या सुमारास इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली. मिरी, कापड व इतर मालाची खरेदी हा तिचा उद्देश होता. नोव्हेंबर १६५९मध्ये प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेल्यावर त्याच्या मालकीची गलबते राजापूर बंदरात होती. ती ताब्यात घेण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांचे लोक आले असता इंग्रजांशी त्यांचा खटका उडाला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने सिद्दीच्या मदतीला जाऊन गडावर गोळे डागले. त्या वेळी इंग्रजी निशाणही फडकावण्यात आले होते. व्यापाराच्या नावाखाली लढाईत उतरण्याचा हा प्रकार महाराजांनी विसरला नाही. १६६१मध्ये मराठी फौजा राजापुरावर आल्या, वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना कैद करून गडावर ठेवण्यात आले. आजारी पडलेल्या रेव्हिंग्टनला आधी सोडण्यात आले. उरलेल्यांची सुटका १६६३मध्ये झाली.

या लुटीची नुकसानभरपाई हा पुढे कितीतरी वर्षे कंपनी व स्वराज्य यांच्यातील वाटाघाटींचा विषय होता. १६७४मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या मागण्यांतही राजापूरचे कलम होते. पुढे इंग्रजांनी येथे पुन्हा वखार चालवली, परंतु ती टिकली नाही. फ्रेंचांनीही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे व्यापाराचे ठाणे उघडले होते. १७१३मध्ये राजापूर कान्होजी आंग्रे यांच्याकडे गेले, १७५६मध्ये ते पेशव्यांनी घेतले आणि १८१८मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या ताब्यात आले.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरकारांना राजापूर हे कोकणातील सर्वांत जुन्या वळणाचे व चांगले टिकलेले गाव वाटले. अरुंद व चढाचे रस्ते, फरसबंदीची आणि वरून झाकलेली बाजारपेठ, सरकारी कचेरीसाठी वापरात असलेली वखारीची भक्कम दगडी इमारत यांची त्यांनी आवर्जून नोंद केली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात अरबी गलबते थेट येतात असे हे एकच बंदर उरले असल्याचेही ते सांगतात. पण त्याच नोंदीत पुढे असेही आहे, की मोठे जहाज आता जुन्या धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. खाडी गाळाने भरत चालली होती. आगबोटींचा काळ आला तेव्हा त्या खाडीच्या मुखाशी जैतापूरला थांबू लागल्या व राजापूरचे बंदरपण संपले. बाजारपेठ मात्र तालुक्याची म्हणून राहिली. राजापुरी पंचा हे नाव कोकणातील जुन्या घरांत अजून ऐकू येते.

उन्हाळे

शहरापासून सुमारे तीन किलोमीटरांवर, अर्जुना नदीच्या परिसरात, उन्हाळे हे गाव आहे. गावाचे नावच त्याचा परिचय करून देते. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह' आणि मराठी 'ऊन' किंवा 'उन्ह' अशी ही शब्दपरंपरा आहे. उन्हाळे हे नपुंसकलिंगी नाम जुन्या मराठीत गरम पाण्याच्या झऱ्यालाच उद्देशून वापरले जाई. ऋतुवाचक उन्हाळा हा त्याचा भाऊबंद, पण अर्थ वेगळा. दापोली व खेड भागातील उन्हवरे, रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे ही ग्रामनामेही याच धातूची आहेत. कोकणात नकाशावर 'उन्ह' अक्षरांनी सुरू होणारे गाव दिसले, की तेथे गरम पाणी असेल का याची चौकशी करावी. बहुधा निराशा होत नाही. ही नावे किती जुनी आहेत हे सांगता येत नसले, तरी वस्ती झऱ्यापाठोपाठ आली, झरा वस्तीपाठोपाठ सापडला नाही, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

येथील झऱ्याचे पाणी सुमारे ४२ अंश सेल्सियस तापमानाचे असते. ते गोमुखातून धारेने पडते आणि बारमाही वाहते. जवळच महालक्ष्मीचे देऊळ आहे. अंग सोसेल इतकेच ऊन पाणी असल्याने त्यात थंड पाणी मिसळावे लागत नाही. उन्हवऱ्याच्या झऱ्याचे पाणी सुमारे ७१ अंशांचे, तर संगमेश्वर तालुक्यातील तुरळ येथील सुमारे ६० अंशांचे आहे. तेथे मूळ झऱ्यात पाय घालणे धोक्याचे असते व पाणी निववूनच स्नान करावे लागते. या दृष्टीने राजापूरचा झरा सौम्य आहे. संधिवात, त्वचाविकार व अंगदुखी यांवर हे पाणी गुणकारी असल्याची समजूत सर्वत्र आहे. गरम पाण्याने स्नायू सैल होऊन दुखऱ्या सांध्यांना तात्पुरता आराम पडतो, हे खरे. त्यापलीकडे रोग बरा होतो असे मानण्यास आधार नाही. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी, कोणत्याही गरम झऱ्याखाली फार वेळ बसू नये.

पाणी गरम का असते

गरम पाण्याचा झरा म्हटले, की ज्वालामुखी आठवतो. जपानमधील बेप्पू किंवा आइसलँड येथील झऱ्यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. कोकणात मात्र जिवंत ज्वालामुखी नाही. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. त्याची उष्णता आज उरलेली नाही. उन्हाळ्याच्या पाण्याची ऊब दुसऱ्या, अधिक साध्या कारणाने येते. जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जाते. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या एखाद्या मोठ्या भेगेतून दाबाने वर येते. कोकणातील भूजलाचे नेहमीचे तापमान २७ अंशांच्या आसपास धरले, तर ४२ अंश गाठण्यासाठी पाण्याला निदान अर्धा किलोमीटर खोल जाऊन यावे लागेल. वर येताना ते थोडे निवतेच, म्हणून प्रत्यक्ष खोली याहून बरीच अधिक असली पाहिजे.

असा प्रवास करणारे पाणी एकट्या राजापुरात नाही. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात अठरा ठिकाणी मिळून साठच्या आसपास गरम झरे आहेत. गणेशपुरी, अकलोली व वज्रेश्वरी, पालीचे उन्हेरे, महाडजवळचे सव, खेड, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ही त्यांतली परिचित नावे. नकाशावर ही ठिकाणे जोडली असता किनाऱ्याशी साधारण समांतर अशी उत्तर-दक्षिण रेषा तयार होते. किनारपट्टीच्या कवचात याच दिशेने गेलेल्या भेगा व भ्रंश हे त्याचे कारण मानले जाते. राजापूर हे या माळेचे दक्षिण टोक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या पट्ट्याची तपशीलवार पाहणी केली असून काही ठिकाणी भूऔष्णिक ऊर्जेच्या शोधासाठी विंधन विवरेही घेतली आहेत.

राजापूरची गंगा

उन्हाळ्याच्या झऱ्याहून अधिक प्रसिद्ध, आणि त्याहून अधिक कोड्यात टाकणारे, असे दुसरे जलस्थान त्याच गावाच्या हद्दीत आहे. चढ चढून गेल्यावर दगडी आवारात बांधीव कुंडांचा एक समूह लागतो. कुंडे चौदा आहेत. एका वडाच्या झाडाखालचे स्थान 'मूळ गंगा' म्हणून ओळखले जाते. गोमुख असलेले काशीकुंड सर्वांत महत्त्वाचे असून स्नानासाठी गर्दी त्याच्यापाशीच होते. इतर कुंडांना चंद्र, सूर्य, बाण, यमुना, सरस्वती, गोदा, कृष्णा, नर्मदा, कावेरी अशी नावे आहेत. एरवी पाहावे तर ही सगळी कुंडे कोरडी ठणठणीत असतात. मग एखाद्या दिवशी, बहुतेक वेळा ऐन उन्हाळ्यात, विहिरी आटलेल्या असताना, त्यांतून पाणी उमाळे घेऊ लागते. साधारण दोन ते तीन महिने ते वाहते आणि जसे आले तसे जाते. कुंडे एकमेकांपासून हाताच्या अंतरावर असूनही त्यांतील पाण्याचे तापमान सारखे नसते.

'गंगा आली' ही बातमी पूर्वी पत्राने व एसटीच्या वाहकांकडून पसरत असे, आता ती काही तासांत मुंबईस पोहोचते. घाटावरून व गोव्याकडूनही माणसे येतात. पुष्कळ लोक आधी उन्हाळ्याच्या गरम धारेखाली स्नान करतात, मग गंगेवर येऊन कुंडाकुंडांतून पाणी अंगावर घेतात आणि शेवटी ते पाणी घेऊन धोपेश्वर येथील धूतपापेश्वराच्या दर्शनास जातात. पितरांची कार्येही येथे केली जातात. कधी येईल याचा भरवसा नसलेल्या पाहुण्याला दक्षिण कोकणात थट्टेने राजापूरच्या गंगेची उपमा देतात.

गंगेच्या उगमाची आख्यायिका वारकरी वळणाची आहे. गंगाजी साळुंखे नावाचा शेतकरी पंढरीचा निष्ठावान वारकरी होता. वार्धक्यामुळे वारी घडेना, तेव्हा त्याच्या शेतात गंगाच प्रकट झाली, असे ती सांगते. शिवाजी महाराजांनी येथे स्नान केल्याची परंपराही गावात सांगितली जाते. अठराव्या शतकातील पंडित कवी मोरोपंत गंगास्नानासाठी येथे आले होते व त्यांनी या तीर्थावर काव्य रचले. बारामतीसारख्या घाटावरच्या गावातून त्या काळी येथवर येणे म्हणजे घाट उतरून कित्येक दिवसांचा प्रवास होता. यावरून तीर्थाची कीर्ती तेव्हाच किती दूर गेली होती हे लक्षात येते.

पाणी अधूनमधूनच का येते याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. सर्वांत प्रचलित उपपत्ती वक्रनलिकेची आहे. भूगर्भात एक पोकळी असून तिच्यातून बाहेर पडणारी वाट आधी वर चढून मग खाली उतरते, असे समजावे. झिरपणाऱ्या पाण्याने पोकळी हळूहळू भरत राहते. पाण्याची पातळी वाटेच्या माथ्यापर्यंत पोहोचली, की पाणी पलीकडे ओसंडते आणि मागचे सर्व पाणी ओढून घेऊन पोकळी रिकामी होईपर्यंत वाहत राहते. त्यानंतर पुन्हा भरण्याची प्रतीक्षा. मोटारीच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढताना हेच घडते. जगात असे झरे इतरत्रही आहेत. इटलीतील कोमो सरोवराकाठी दिवसातून ठराविक वेळा चढणाऱ्या-उतरणाऱ्या झऱ्याचे वर्णन रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या एका पत्रात केले असून त्याच्या कारणांविषयी निरनिराळे तर्कही लढवले आहेत. जेरुसलेममधील गिहोन झरा थांबून थांबून वाहण्यासाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध होता. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात अशाच एका झऱ्याचे पाणी काही मिनिटांच्या अंतराने सुरू व बंद होते.

मात्र ही सगळी उदाहरणे मुख्यतः चुनखडीच्या प्रदेशांतील आहेत. तो खडक पाण्यात विरघळतो आणि त्यात गुहा व नळ्या सहज तयार होतात. राजापूरच्या परिसरात चुनखडी नाही, वर जांभा आणि खाली कठीण पाषाण आहे. जांभ्याच्या पोटातही पोकळ्या व भुयारे असतात, त्यामुळे उपपत्ती अशक्य ठरत नाही. दुसरी अडचण काळाची आहे. परदेशांतील झऱ्यांची आवर्तने मिनिटांची किंवा तासांची असतात, राजापूरच्या गंगेचे परंपरागत आवर्तन तीन वर्षांचे. पाऊस तर दरवर्षी पडतो. तीन पावसाळ्यांचे पाणी साठवून ठेवणारी आणि चौदा तोंडांनी ते ओतणारी पोकळी केवढी व कोठे असावी, हा प्रश्न नुसत्या वक्रनलिकेने सुटत नाही.

शिवाय गेल्या काही वर्षांत आवर्तनाचा तो हिशेबही राहिलेला नाही. २०१०नंतरच्या दशकात गंगा जवळजवळ दरवर्षी आली. २०१९च्या एप्रिलमध्ये ती आली व २०२०च्या एप्रिलमध्ये पुन्हा आली. त्या वेळी देशभर टाळेबंदी होती. कुंडे भरून वाहत होती आणि स्नानाला येण्यास कोणालाही मुभा नव्हती. गंगेच्या इतिहासात असा प्रसंग क्वचितच आला असेल. आवर्तनातील या बदलाची कारणे म्हणून पर्जन्यमानातील फरक, कूपनलिका, चिरेखाणी यांची नावे घेतली जातात. यांपैकी कोणतेही सिद्ध झालेले नाही. सड्यावर पडणारे पाणीच खाली झऱ्यांत उतरते, म्हणून सड्याच्या पृष्ठभागावर जे काही केले जाईल त्याचा झऱ्यांशी संबंध येऊ शकतो, एवढे मात्र भूजलशास्त्राच्या सर्वसाधारण नियमांवरून म्हणता येते. येण्याची व जाण्याची नेमकी तारीख, प्रत्येक कुंडाचे तापमान आणि पाण्याचा प्रवाह यांची सलग मोजणी झाल्याशिवाय कोणताही तर्क पडताळून पाहता येणार नाही. त्यासाठी लागणारी साधने तापमापी, घड्याळ आणि वही एवढीच आहेत.

धूतपापेश्वर व अन्य स्थळे

धोपेश्वर येथील धूतपापेश्वराचे देऊळ शहरापासून सुमारे तीन किलोमीटरांवर, मृडानी नदीच्या काठी आहे. देवळालगतच नदी खडकावरून खाली कोसळते. पावसाळ्यात त्या धबधब्याच्या आवाजात घंटेचा नादही ऐकू येत नाही. हे शिवस्थान प्राचीन असून परिसरातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत आहे.

तालुक्याच्या पश्चिम भागात आडिवरे येथील महाकालीचे देऊळ आणि कशेळीचे कनकादित्य मंदिर ही दोन मोठी देवस्थाने आहेत. सूर्याची मंदिरे महाराष्ट्रात थोडी आणि पूजेत असलेली त्याहून थोडी, म्हणून कशेळीचे मंदिर विशेष मानले जाते. शिलाहार राजा भोज याचा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. खाडीच्या मुखाशी नाटे येथे यशवंतगड व जवळच आंबोळगड हे किल्ले आहेत.

कातळशिल्पे

राजापूर तालुक्यातील सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली प्रचंड आकाराची प्रागैतिहासिक चित्रे आहेत. हत्ती, मासे, पक्षी, मानवाकृती व अर्थ न लागणाऱ्या भौमितिक आकृती त्यांत आढळतात. गुराखी व शेतकरी यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे प्रामुख्याने गेल्या दोन-तीन दशकांत गेले. २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यात कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही राजापूर तालुक्यातील ठिकाणे आहेत. कशेळीच्या शिल्पातील हत्ती अतिशय मोठा असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत.

ज्या सड्यांवर ही चित्रे आहेत, त्याच सड्यांना गेल्या काही वर्षांत औद्योगिक प्रकल्पांच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. माडबन येथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प योजलेला आहे. नाणार येथील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादन अधिसूचना विरोधानंतर २०१९मध्ये रद्द करण्यात आली. पुढे बारसू-सोलगाव परिसराचा पर्याय पुढे आला व एप्रिल २०२३मध्ये तेथील माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले. रोजगारासाठी प्रकल्प हवा असणारे आणि बागा, मासेमारी, पाणी व कातळशिल्पे यांच्या काळजीने तो नको असणारे, असे दोन्ही मतांचे लोक तालुक्यात आहेत, पुष्कळदा एकाच घरात.

दळणवळण

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग राजापुरातून जातो. रत्नागिरीहून हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. कोल्हापूरकडून येणारी वाहने अणुस्कुरा घाटाने उतरतात. हा घाट पावसाळ्यात दरड कोसळून अधूनमधून बंद होतो. कोकण रेल्वेचे 'राजापूर रोड' स्थानक नावाप्रमाणे रस्त्यावर आहे, राजापुरात नाही. तेथून शहर बरेच दूर असून उतरल्यावर वाहन मिळेलच असे नाही, विशेषतः रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शहरात राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे. उन्हाळे व धोपेश्वर या दोन्ही ठिकाणी शहरातून रिक्षाने जाता येते, चालणाऱ्यास दोन्ही अंतरे फार नाहीत.

भेटीस ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. गरम पाण्याची खरी गंमत थंडीच्या सकाळी असते, कारण तेव्हा झऱ्यावर वाफ दिसते व पाण्यातून बाहेर पडावेसे वाटत नाही. गंगेसाठी मात्र कॅलेंडर पाहून निघण्यात अर्थ नाही. ती आल्याची खात्री राजापुरातील कोणाकडून तरी करून घ्यावी. ती नसताना गेल्यास कोरडी कुंडे, वडाचे झाड आणि जांभ्या दगडाचे रेखीव बांधकाम निवांतपणे पाहता येते. झरा व कुंडे ही पूजेची ठिकाणे असून त्यांचे पाणी पुढे शेतांत व नदीत जाते, त्यामुळे तेथे साबण लावणे व कपडे धुणे योग्य मानले जात नाही. पावसाळ्यात अर्जुनेचे पाणी चढलेले असताना नदीकाठच्या बाजूस उतरू नये.